पाठमोऱ्याचं गाणं

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ‘पाठमोरा’ म्हणायची. गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं, की हा खुर्चीसकट भिंतीकडे वळायचा आणि मोठ्यांदा गाऊ लागायचा. गळा असा, की शेजारचा शिंपी मशीन थांबवून कपाळाला हात लावी. पण पासवर्ड मोठ्याने बोलत बोलत टाइप करणाऱ्या आजीबाईसुद्धा त्याच्याकडे निर्धास्त येत. असा इमानी आणि असा बेसुरा माणूस पुन्हा होणे नाही!

एका दुपारी दुकानात त्याच्या भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, प्रवेश झाला. गाद्यांचे व्यापारी; आधी पोट आत आलं, मग ते.

“अख्ख्या गल्लीचे ईमेल पत्ते आहेत तुझ्याकडे. माझी जाहिरात धाडून दे.”

“लोकांना विचारून?”

“विचारलं तर हो कोण म्हणेल? आणि पाठवणारी म्हणून आपल्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंचं नाव घाल. माझं नाव बघून माझा सख्खा भाऊसुद्धा मेल उघडत नाही.”

“भाऊजी, ही चक्क लबाडी आहे.”

“जमत नाही म्हण ना सरळ! सांगतो तुझ्या ताईला, भावाला एवढंसं काम जड झालं म्हणून.”

ताईने त्याला लहानाचा मोठा केला होता. ती रुसली तर त्याला जेवण जात नसे. पण खरं सांगायचं तर त्याहून ‘जमत नाही’ हेच जास्त झोंबलं. गडी पेटला.

“थांबा. नमुना दाखवतो.”

त्याने खटाखट काहीतरी टाइप केलं, आणि भाऊजींच्या खिशात फोन वाजला. मेल ताईच्या नावाने होता: ‘तुमच्या घोरण्याला कंटाळले. कायमची निघाले. दूध गॅसवर आहे.’

भाऊजी चप्पल न घालताच पळाले. घरी निवांत कपडे वाळत घालणाऱ्या बायकोसमोर म्हणे हात जोडून उभे राहिले! इकडे पाठमोरा टेबल बडवून हसत होता.

हसू ओसरायच्या आत ताई दारात. मागे भाऊजी, अनवाणी.

“माझा पासवर्ड तुला कुणी दिला?”

“लागलाच नाही, ताई. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहितो ना, तसंच. मी फक्त यांना धडा...”

“म्हणजे मी न बोललेलं माझ्या तोंडी घातलंस.” ती नवऱ्याकडे वळली. “आणि तुम्ही डॉक्टरीणबाईंच्या तोंडी घालणार होतात. दोघांना एकाच खुंटीला टांगायला हवं!”

पाठमोऱ्याचा चेहरा उतरला. “चुकलो, ताई.”

“यांची जाहिरात यांच्याच नावाने जाईल. जो मागेल त्यालाच.”

“आणि कुणी मागितलीच नाही तर?” भाऊजी.

“तर दारोदार हिंडा. चप्पल घालून.”

भाऊजी स्वतःच्या मेलचा पासवर्ड टाकायला बसले. पाठमोरा सवयीने भिंतीकडे वळला आणि हलकेच गुणगुणू लागला.

“मोठ्यांदा,” ताई म्हणाली.

आजवर हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि भिंत हादरेल असा आवाज लावला. शेजारी मशीन थांबलं.