सतराव्या कपाटाचं सील

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं होतं. बाकी सगळे त्यांना किल्लीवालेच म्हणत. सत्तावीस वर्षांपूर्वी सरकारने अणुबॉम्बचा नाद सोडला, तसं जगाला लिहून दिलं, आणि त्या कामाची यंत्रं एका लांबलचक गोदामात चाळीस उंच कपाटांत बंद झाली. किल्ल्या यांच्याकडे. कुलपांवर सील मात्र परदेशी तपासनिसांचं: पातळ तार, बटणाएवढी धातूची डबी आणि तिच्यावर नंबर. दर तीन महिन्यांनी तपासनीस बाई येत, किल्लीवाले शिडी धरत, बाई नंबर वाचून कागदावर खूण करत.

बाई येण्याच्या आदल्या दिवशी किल्लीवाले सगळी सीलं फडक्याने पुसून ठेवत. कोणी सांगितलं नव्हतं. पाहुणे येणार तर घर झाडायला नको का? त्या दिवशी सतराव्या कपाटाशी फडक्याचा धागा तारेत अडकला. त्यांनी हिसका दिला आणि तार तुटली.

कुलूप जागच्या जागी होतं, पण हे मानणार कोण? मागे एका कागदावरून शंका निघाली तेव्हा पश्चिमेकडच्या देशांनी दीड वर्ष निर्बंध घातले होते. औषधं त्यातून वगळली आहेत, असं रेडिओ सांगत होता. पण औषधाचे पैसे तिकडे पाठवायला एकही बँक धजेना. किल्लीवाल्यांची बायको इन्शुलिनवर. त्या दीड वर्षात तिच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली.

गोदामाच्या मोठ्या साहेबांनी तुटलेल्या तारेची डबी पाहिली आणि दार लावून घेतलं.

"डाग देऊन जोडून टाका. बाईंना कळायचंही नाही."

"आणि कळलं तर?"

"अहो, शेजारच्या देशाकडे बॉम्ब आहेत, नुसती तार नाही! तिथे लावतं का कोणी शिडी? वर तेच पश्चिमेकडचे त्यांना विमानं विकतात. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि आपण तारेला भ्यायचं?"

"ते खरं, साहेब. पण तार मी तोडली ना."

"तीन महिन्यांत निवृत्त होताय. नसतं शहाणपण कशाला?"

घरी किल्लीवाले जेवताना दोनदा उठले. बंद नळ पुन्हा बंद करून आले.

"काय बिनसलंय?" बायकोने विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं.

"जोडलेलं सापडलं तर आपण चोर. सांगितलं तर?"

"वेंधळे."

"मग वेंधळेच बरे. तुमचा तेवढा एक गुण तर मला पहिल्यापासून माहीत आहे."

"आणि इन्शुलिन?"

तिने ताटं उचलली. "ते मला विचारू नका."

दुसऱ्या दिवशी सोळा कपाटं झाली, तशी किल्लीवाल्यांनी शिडी सोडली आणि डबी पुढे केली.

"बाई, हे माझ्या हातून तुटलं. पुसताना."

इथे येण्याच्या अकरा वर्षांत बाईंना भाषा बरीच यायला लागली होती. "पुसता? कशाला?"

"तुम्ही येणार म्हणून."

बाई शिडीच्या पायरीवर बसल्या. "मला वाटायचं, इथे धूळ नाहीच."

त्यांनी कपाट उघडायला लावलं, एकेक यंत्र यादीशी ताडलं. सगळी जागेवर होती. नवं सील लागलं. पण कागदावर रकाने दोनच: 'शाबूत' आणि 'छेडछाड'. बाईंनी दुसऱ्यात खूण केली.

"छेडछाड नाही हो, फडकं लागलं."

"फडक्याला रकाना नाही."

"शेजारच्या देशाच्या कागदावर कोणता रकाना असतो?" विचारल्यावर किल्लीवाल्यांचेच कान तापले.

"तिकडे कागदच नाही. त्यांनी करारावर सही केली नाही. सही नाही, तर तपासणी नाही."

"म्हणजे लिहून दिलं तोच गुन्हेगार. चोर सोडून संन्याशाला सुळी."

म्हणीचा अर्थ समजावून घेऊन बाई म्हणाल्या, "मी सीलं बघते. विमानं कोणाला विकायची, ते मला विचारून ठरत नाही."

"मग समासात लिहा. त्याशिवाय मी सही करणार नाही."

सही नाकारणं हीसुद्धा तक्रारच ठरते, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाईंनी समासात दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या: सील पुसताना तुटल्याचं कर्मचाऱ्याने स्वतः सांगितलं, यंत्रं पूर्ण आहेत.

"कपाट उघडलं नव्हतं, हेही लिहा."

"ते मी पाहिलेलं नाही."

किल्लीवाल्यांनी सही केली. "तुमच्या मुख्य कचेरीत समास वाचतात का?"

"मी तिथे होते तेव्हा वाचायची. आता नवीन माणूस आहे. माहीत नाही."

सुटल्यावर ते घरी गेले नाहीत. थेट औषधाच्या दुकानात गेले.

"एका चिठ्ठीवर जास्तीत जास्त किती देता?"

"दोन महिन्यांचं."

तेवढं घेतलं. दुकानदाराने चिठ्ठीवर 'औषध दिलं' असा शिक्का मारला. दोन गल्ल्या सोडून आणखी एक दुकान होतं. तिथल्या पायरीवर किल्लीवाले बराच वेळ उभे होते, चिठ्ठी कशी धरली म्हणजे शिक्का अंगठ्याखाली झाकला जाईल, ते बघत.