एका विद्यार्थ्याला हवंय

रुग्णालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली की माणूस संशयी होतो. निदान मी झाले. आमचे मोठे डॉक्टर स्वतःसाठी कधीच माहिती मागत नाहीत. फोन करतात आणि म्हणतात, एका विद्यार्थ्याला हवंय. विद्यार्थी अर्थातच नसतो. मीही ओळखल्याचं दाखवत नाही.

गेल्या वर्षी आमचे हे तिथेच दाखल होते. पोटात रक्तस्राव झाला होता. मूत्रपिंडं आधीच अधू, त्यात हृदयाचे ठोके अनियमित. त्यासाठी रक्त पातळ करणारं औषध चालू होतं, ते आता बंद केलेलं. सकाळच्या राउंडला ह्यांचे मोठे डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले, उद्यापासून औषध पुन्हा सुरू करू, काळजीचं कारण नाही. विश्रांतवाडीहून रोज डबा घेऊन येणाऱ्या माझ्या नणंदेला केवढा धीर आला. मला तो छातीठोकपणाच खटकला.

दुपारी ग्रंथालयात त्यांचाच फोन. एका विद्यार्थ्याला हवंय म्हणे. असाच रक्तस्राव, अशीच मूत्रपिंडं, असेच ठोके. औषध पुन्हा सुरू करावं का, आणि केव्हा?

मला संताप आला. तरी शोधायला बसले. सुरू करा म्हणून ठासून सांगणारे लेख नीट वाचले, तर ह्यांच्यासारखे रुग्ण त्यांत घेतलेच नव्हते. बाकीच्यांचं एकमत नव्हतं. सुरू केलं तर पुन्हा रक्तस्रावाची भीती, नाही केलं तर पक्षाघाताची.

कागद घेऊन वर गेले. डॉक्टर वॉर्डबाहेरच भेटले.

"विद्यार्थ्याला सांगा, तो पेशंट माझा नवरा आहे."

"माहीत आहे. विद्यार्थी मीच आहे," ते म्हणाले. "बसा."

सकाळी मग इतकं ठामपणे का सांगितलंत, असं मी विचारलं. पेशंटसमोर दुसरं काय सांगणार होतो, म्हणाले. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचले, खुणा केलेल्या ओळी पुन्हा वाचल्या आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, थोडं थांबू या.

त्यांनी औषध पुढे ढकललं. आता ह्यांना हात जरा जड वाटला तरी पक्षाघात तर नाही ना, म्हणून मला धडकी भरायची, आणि संशय घ्यायचा तर माझ्यावरच, थांबू या म्हणणारी मीच होते.