मोहाखालची आग

गडचिरोलीत मी ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, तिथे दुपारची बॅच सुटली की एक मशीन माझं असायचं. त्यावर वस्ती वसवायचा एक परदेशी खेळ होता. माणसं आणायची, झाडं तोडायची, घरं बांधायची. झाडं काय ती तोडण्यापुरतीच, याचा मला भारी राग यायचा. खेळाच्या फाइली उघडून बदलता येतात हे कळल्यावर मी ठरवलं, यात आपलं गाव घालायचं. बघणाऱ्याने ओळखलं पाहिजे की हे आमच्याच जंगलातलं.

मोहाचं झाड चितारलं, फुलं गळायला लावली, वेचायला टोपल्या घेतलेल्या बाया आणल्या. इथवर जमलं. पण आमच्याकडे फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात, नाहीतर फूल दिसणार कसं? म्हणून मी आग घातली आणि फसले. त्या खेळाला आग एकच ठाऊक होती, सगळं खाणारी. मोहाखाली पेटली की घरं, कोठार, बाया, सगळं खाक.

खरं तर आग पसरायला लागली की झोडपून विझवायला हिरवी डहाळी घेऊन कुणीतरी जवळ उभं असतं. तसा माणूसही मी ठेवला. पण नुसतं उभं राहणं हे त्या खेळात कामच नव्हतं. माणूस रिकामा दिसला की खेळ त्याला लाकडं तोडायला धाडायचा. अख्खा उन्हाळा मी त्याला आगीपाशी आणत होते आणि तो मेला कुऱ्हाड घेऊन निघून जात होता.

क्लासचे मालक मागून बघायचे.

"मॅडम, तुमचं गाव आजही जळून राह्यलं."

"दिसून राह्यलं मले, भाऊ."

"मंग आग काढून काऊन नाई टाकत? कोनाले समजते?"

वैतागून काढलीच. गाव निमूट चालू लागलं. मी ते इंटरनेटवर चढवलं आणि खेळणाऱ्यांपैकी कुणाचा तरी पहिला अभिप्राय आला: फार सुंदर, आफ्रिकेतलं कुठलं गाव हे?

संतापाने मला रडूच आलं. त्याच संध्याकाळी आग परत घातली आणि ती फाइल चढवली. मग तक्रारीच तक्रारी. गाव जळतं, काहीतरी बिघडलंय, दुरुस्त करा. त्या बाया झाडाखाली आग का लावतात, हे मात्र एकानेही विचारलं नाही. मी सांगायला बसलेच होते.