आवर्तनाचं पाणी

दत्तू पगारे म्हणजे आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतले दत्तूकाका. पाटबंधारे खात्यात अठ्ठावीस वर्षं त्यांनी मोजणीची जीप चालवली. कालवा कुठून न्यायचा हे ठरवायला साहेबलोक रानात जायचे, तेव्हा तंबू, कंदील आणि भांडीकुंडी घेऊन काका सगळ्यांच्या पुढे. सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत त्यांना ठाऊक नाही असा कच्चा रस्ता नव्हता. १९९८ साली ते निवृत्त झाले आणि खात्याच्या लिलावात निघालेली तीच जुनी जीप घरी घेऊन आले. सुलाकाकू, त्यांची बायको, महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. मग तीच पहिल्यांदा डबा बांधून जीपमध्ये बसली.

त्यानंतर वर्षातून तीन-चारदा काका कॉलनीतल्या कुणाला ना कुणाला घेऊन रानात मुक्कामाला जायचे. गाडी आणि तंबू, बाकी काही नाही. ते मोजकं बोलत आणि त्यांचं बोलणं हुकमासारखं असे. गाडी वाटेवरच ठेवायची. चूल तीन दगडांच्या आत, आणि निघताना राखेत हात घालून बघायचं. आणलेलं सगळं परत न्यायचं. आणि सगळ्यात आधी जवळच्या गावात जाऊन विचारायचं. या शेवटच्या नियमाची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली होती. १९९३ साली सुरगाण्याकडे वाट चुकून त्यांनी जीप एका म्हातारीच्या नागलीच्या रोपावरून नेली. चिमणाबाई तिचं नाव. ती बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली, एक शिवी दिली नाही. "ईचारायचं व्हतं ना, बाबा," एवढंच म्हणाली. काका दुसऱ्या दिवशी सकाळी एकटेच परत गेले आणि संध्याकाळपर्यंत तिच्या वाफ्यात वाकून राहिले.

मी सांगते आहे ती गोष्ट मे २००२ची. मी, स्नेहल, तेव्हा पंधरा वर्षांची होते. माझे बाबा, सुनील, काकांच्याच खात्यात कारकून. बाबा, मी, काका आणि सुलाकाकू जीपमध्ये होतो. मागे माझा मामेभाऊ सुयशदादा आणि त्याची बायको राखीवहिनी, त्यांच्या नव्याकोऱ्या डिझेल गाडीत. नामपूरला चहा घेतला, आणि मोसम नदीच्या काठाकाठानं वर एका लहान गावाच्या गायरानात दुपारी तीनला पोचलो.

नदी कोरडी ठाक होती. पांढरी वाळू, मध्ये एक काळा रुंद कातळ, आणि काठाला करंजाची दाट सावली. काकांनी जीप वर, गायरानातल्या कडक मुरमावर उभी केली.

"मी गावात पोलीस पाटलांना विचारून येतो," ते म्हणाले. "तोवर गाडी हलवायची नाही."

ते दिसेनासे झाले तसा सुयशदादा म्हणाला, "नदी सरकारची आहे. विचारायचं कुणाला? इथे उन्हात कशाला बसायचं?"

"काका सांगून गेलेत," बाबा म्हणाले. पण आईच्या माहेरच्या माणसाशी वाद नको, म्हणून पुढे बोलले नाहीत. दादानं गाडी गुरांच्या वाटेनं खाली उतरवली आणि सरळ वाळूत घातली. वीस-पंचवीस पावलांवर मागची चाकं आसापर्यंत रुतली. त्यानं आणखी जोर दिला, तशी गाडी पोटावर बसली.

बाबा आणि मी खाली उतरलो आणि हातांनी वाळू उपसायला लागलो. राखीवहिनीला प्रवासानं मळमळत होतं. ती चालत मधल्या कातळावर गेली आणि ओढणी तोंडावर घेऊन सावलीच्या बाजूला आडवी झाली. सुलाकाकू मात्र काठावरच उभी होती. "माणूस येईपर्यंत दम नाही का तुम्हाला?" ती दोनदा म्हणाली.

इकडे गावात पोलीस पाटील कारभारी आहेर घरी नव्हते. ओट्यावर त्यांची चुलती झुंबरबाई कांदे निवडत बसली होती. काकांनी नमस्कार करून विचारलं, "आजची रात्र गायरानात मुक्काम केला तर चालेल का?"

"गायरानमा ऱ्हा," ती म्हणाली, "पन नदीमा उतरू नका. सकायमा धरणनं पानी सोडेल शे. काल दवंडी दिन्ही व्हती. सांजलोंग आठे येई."

उन्हाळ्यात धरणातून ठरलेल्या दिवसांनी सोडतात त्या आवर्तनाच्या पाण्याच्या पुढे, काठच्या लोकांना सावध करत, काका जीप घेऊन कितीदा धावले होते. कोरडी वाळू आधी पाणी पिते, म्हणून ते उशिरा येतं. पण एकदा आलं की मागून सारखं चढत राहतं. सकाळी सुटलेलं पाणी सांजेऐवजी दुपारीही येऊ शकतं, हे त्यांना माहीत होतं. बासष्ट वर्षांचा तो माणूस भर उन्हात गावातून नदीपर्यंत पळत आला. झुंबरबाईनं त्यांना पळताना पाहिलं आणि तिनं खळ्यावरच्या माणसांना हाका मारायला सुरुवात केली.

आम्हाला आधी काकांचा आवाज आला. "गाडी सोडा! वर या! सगळे वर!"

"काका, पाच मिनिटं!" दादा ओरडला. "चाक निघतंय!"

"पाच मिनिटं नाहीत!"

मी मान वर करून नदीच्या वळणाकडे पाहिलं. जे येत होतं ते पाण्यासारखं दिसतच नव्हतं. वाळूवरून एक तपकिरी कड सरकत होती, तिच्या तोंडाशी काटक्या, शेणाच्या गोवऱ्या, फेस, एक प्लॅस्टिकची चप्पल. माणूस चालतो तेवढाच तिचा वेग. मला वाटलं, एवढंसंच तर आहे. तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं आणि मला अक्षरशः फरफटत काठावर नेलं. बाबा मागोमाग आले. दादानं स्टिअरिंग सोडलं तेव्हा पाणी त्याच्या घोट्यावर होतं, आणि तो काठाला लागेपर्यंत गुडघ्याला.

काकांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. "राखी कुठंय?"

आम्ही सगळे कातळाकडे पाहत होतो. नदीचा खोल भाग आमच्याच काठाला होता, त्यामुळे पाणी आधी आमच्या आणि कातळाच्या मध्ये भरलं होतं. वहिनी उठून बसली होती.

दादा पाण्याकडे धावला. काकांनी त्याला कॉलरला धरून मागे ओढलं. "तुला खालचा उतार माहीत नाही. दोर आण जीपमधला. पळ!"

दोराचं एक टोक त्यांनी करंजाच्या बुंध्याला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला. बाबांच्या हातात मधला दोर देऊन म्हणाले, "सुनील, सैल सोडत राहा. मी हात वर केला की ओढायचं, आधी नाही." आणि ते उतरले. पाय उचलत नव्हते, वाळूवरून सरकवत होते. मध्यावर पाणी त्यांच्या छातीला लागलं. एक लाकडाचा ओंडका येऊन त्यांच्या गुडघ्यावर आदळला, ते एका बाजूला कलले आणि क्षणभर नुसतं डोकंच दिसलं. सुलाकाकूनं माझ्या दंडात नखं रुतवली होती, ते मला घरी गेल्यावर कळलं.

ते कातळावर चढले तेव्हा तिथेही पाणी वळवळत होतं. वहिनी जागची हलेना. काकांचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

"माझ्याकडे बघ, बाई. पाण्याकडे नको. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. माझा पट्टा सोडायचा नाही."

त्यांनी हात वर केला. बाबा आणि दादानं दोर ओढला, तेवढ्यात मागून आणखी चार हात त्या दोरावर पडले. गावातली माणसं पोचली होती. दोघंही काठावर आली तेव्हा वहिनीचे दात वाजत होते, आणि काकांची पँट गुडघ्यावर फाटून रक्त येत होतं. तेवढ्यात मागे मोठा आवाज झाला. दादाची गाडी वाळूतून सुटली, तिरकी वाहत गेली आणि खालच्या दगडांना अडकून थांबली.

मला वाटलं, संपलं. पण गावकरी गाडीकडे बघत नव्हते, ते गाडीच्या खालच्या पाण्याकडे बघत होते. त्यावर इंद्रधनुष्यी तवंग पसरत होता. दगडांनी डिझेलची टाकी फाडली होती. आणि तिथून खाली शंभर पावलांवर नदीपात्रात गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर होती. आवर्तन यायचं ते तिच्यासाठीच.

कारभारी पाटील मोटरसायकलवरून तिथे येऊन पोचले. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. "दोन महिने बाया टँकरच्या मागं पळाल्या. आज पाणी आलं, आन् त्यात तुम्ही हे कालवलं. उद्याच्या उद्या ह्या वाटेत आडवी चारी खणतो. एक गाडी इथं येणार नाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "पोलीसले बलावा." दादा पांढराफटक पडला होता.

काका लंगडत पुढे झाले. "पाटील, जे करायचं ते करा, मी कुठे जात नाही. आधी ते डिझेल थांबवू. कपडे धुवायचा साबण आहे का कुणाकडे?"

साबणाची वडी आली. ती मळून फुटक्या टाकीच्या भेगेत दाबली की डिझेल थांबतं, हे जीप चालवणाऱ्याला शिकवावं लागत नाही. पण टाकी पाण्याखाली होती.

"मी जातो, काका," दादा म्हणाला. "माझी गाडी आहे."

"भेग कुठंय ते तुला हाताला लागणार नाही. दोर धर. काहीही झालं तरी सोडू नकोस."

काका पुन्हा पाण्यात गेले. गाडीच्या आडोशाला धरून एकदा बुडी मारली, वर आले, मान हलवली. दुसरी बुडी. दोर ताठ झाला आणि मग एकदम सैल पडला. दादानं ओठ चावला होता, हनुवटीवर रक्त आलं होतं. "ओढू का?" तो सारखा विचारत होता, "ओढू का?" सुलाकाकू म्हणाली, "हात वर आला नाही अजून." मला वाटतं, त्या दिवशी सगळ्यात अवघड काम तिनं केलं. काका दुसऱ्यांदा वर आले, तेव्हा त्यांचे हात रिकामे होते आणि गाडीखालून नवा तवंग येणं थांबलं होतं.

कारभारींनी आपल्या खांद्यावरचं उपरणं काढून काकांच्या अंगावर टाकलं. पण चारीचं बोलणं मागे घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ट्रॅक्टरांनी गाडी बाहेर काढली. बाबा, वहिनी आणि मी एसटीनं नाशिकला आलो. काका, काकू आणि दादा तिथेच राहिले. पुढचं मला काकूनं सांगितलं. आवर्तन चार दिवस चाललं. तोवर काका जीपमध्ये पिंपं घालून मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणत आणि घरोघरी पोचवत होते. दादा गावातल्या पोरांबरोबर कडबा आणि जुन्या गोधड्या टाकून तवंग टिपत होता. नदी ओसरल्यावर पंप लावून विहीर दोनदा उपसली, आणि आत उतरून कपारी पुसल्या त्या दादानंच. सहाव्या दिवशी कारभारींनी बादली शेंदली, वास घेतला आणि झुंबरबाईच्या हातात तांब्या दिला. ती प्याली. "वास नही शे," म्हणाली.

निघताना काकांनी कारभारींना एवढंच विचारलं, "चारी खणली तर नदीपलीकडच्या वस्तीतल्या माणसांनी आजारी माणूस कुठून आणायचा?"

कारभारींनी वाटेकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही आधी घरी आला होता, आमच्या चुलतीनं सांगितलं. वाट राहू द्या. पण मुक्कामाला आलेली गाडी गायरानाच्या खाली दिसली, तर मी बोलणार नाय, फोडीन." वाट राहिली.

परतताना सटाण्याच्या अलीकडे काकांनी जीप थांबवली. किल्ली काढून दादाच्या हातात दिली. दादा म्हणाला, "काका, चूक माझी आहे."

"तुझी आहेच. पण माझीही आहे. गाडी हलवू नका, एवढंच सांगून मी गेलो. कोरड्या नदीला का भ्यायचं, ते सांगितलं नाही. मला माहीत होतं, म्हणून तुम्हालाही माहीत असेल असं धरून चाललो." पुढे जीप दादानं चालवली.

त्यानंतर काका बदलले. गुडघा कायमचा अधू झाला, आणि हुकूम देणारा माणूस बोलका झाला. कुठेही गेलं की आधी काठीनं मातीत नदी काढून दाखवायचे, वारा कुठून येतो ते सांगायचे, गवत कधी पेटतं ते सांगायचे. कंटाळा येईपर्यंत सांगायचे. दर उन्हाळ्यात आवर्तन सुटायच्या आधी कारभारींचा फोन यायचा, आणि काका ती तारीख नदीकाठी मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला कळवायचे. २००८च्या मे महिन्यात फोन आला तेव्हा काका अंथरुणाला खिळले होते. सुलाकाकूनं तारीख कॅलेंडरवर लिहून घेतली, कारभारींच्या घरच्यांची विचारपूस केली, आणि एकेक नंबर फिरवायला बसली.