कुलूप लागलेलं, पॅनेल जिवंत

जालन्याच्या एमआयडीसीतल्या सळईच्या मिलमध्ये इलेक्ट्रिशियन भिवाला सगळे शंकासूर म्हणत. त्याला त्याचं काही नव्हतं. "शंका घेतो म्हणून दाही बोटं घेऊन घरी जातो," असं तो ठणकावून सांगायचा.

त्याच्या मेव्हण्याची बोटं गेली होती. 'बंद आहे' या दोन शब्दांवर भरवसा ठेवून राजानंदनं पॅनेलमध्ये हात घातला होता. बंद आहे म्हणणारा आजही पगार उचलतो अन् राजानंद शहागडला हायवेवर पंक्चर काढतो. तेव्हापासून भिवाच्या पिशवीत स्वतःचं कुलूप असतं. मेन स्विच पाडायचा, दांडीला कुलूप ठोकायचं, किल्ली खिशात, मगच पॅनेलचं दार.

या कुलपाचा सुपरवायझर पुंजारामला भारी राग. उन्हाळ्यात भिवानं रबरी हातमोज्यांसाठी गेटवर बोंब ठोकली, तेव्हा मालकासमोर पुंजारामचं नाक कापलं गेलं. पण तेव्हापासून तो गोड बोलू लागला. भिवाला त्या गोडीचाच जास्त वहीम.

खंडेनवमीला मिल थंड होती. यंत्रांना हळदकुंकू, पॅनेलांना झेंडूचे हार. सळई लाटणाऱ्या रोलच्या पॅनेलवर देवीचा फोटो अन् त्याच्याभोवती दिव्यांची माळ, तिची पिन पॅनेलमधल्याच सॉकेटात. चालू मिल कुणी थांबवू देत नाही, म्हणून पॅनेलमधलं जळालेलं इलेक्ट्रॉनिक कार्ड अन् उडालेले फ्यूज बदलायला भिवाला हाच दिवस मिळाला. त्यानं स्विच पाडला. माळ विझली. कुलूप लावून तो कार्ड आणायला स्टोअरला गेला.

परत आला तर माळ लुकलुकत होती.

पिन दुसरीकडं लावली असेल, असं म्हणून दुसऱ्यानं हात घातला असता. भिवानं कुलूप ओढून पाहिलं. पक्कं. किल्ली खिशातच. त्यानं टेस्ट लॅम्प आधी भिंतीवरच्या चालू सॉकेटात लावून पाहिला, दिवा धड होता. मग तोच पॅनेलमधल्या फ्यूजला टेकवला.

दिवा फक्कन पेटला.

भिवाचं डोकं तापलं. "पुंजाराम!" त्याची हाक शेडभर घुमली. "आज मारायचंच ठरवून आल्तास काय रे?"

पुंजाराम आरतीचं ताट घेऊन धावत आला. "काय झालं भिवादादा?"

"पॅनेल चालू हे!"

"कुलूप तर तुझंच हे की."

"मंग धर इथं हात."

पुंजारामनं हात मागं घेतला. भिवा पॅनेलमागं वाकला. शेजारच्या पॅनेलवरून एक वायर आली होती, दोन्ही टोकांना पिना. एक तिकडच्या सॉकेटात, दुसरी इकडं माळेच्या पिनेशेजारच्या रिकाम्या सॉकेटात. तिकडची वीज सॉकेटातून उलटी शिरून आत फ्यूजपर्यंत पोचली होती.

"ही कुणी लावली?"

"मीच," पुंजाराम म्हणाला. "देवीसमोरचे दिवे विझल्ते. माळ तिकडच्या सॉकेटापर्यंत पुरेना. सणाला अंधार बरा दिसतो का? तू काम करून राह्यलास, मेन तुझा बंदच हे, मला वाटलं एवढ्याशा माळेनं काय होतंय..."

भिवानं त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. खोट सापडेना. कपाळावर कुंकू, ताटात तेवणारी निरांजनं. खुन्नस असती तर बरं, असं भिवाला वाटलं. दुष्मनावर डोळा ठेवता येतो. भक्तावर कोण ठेवणार?

त्यानं चालू टोक आधी उपसलं, मग दुसरं, अन् दोन्ही पिना पकडीनं छाटून टाकल्या. पुंजारामच्या ताटातलं एक निरांजन उचलून फोटोपुढं, पॅनेलपासून लांब ठेवलं.

"देवीला तेल चालतं. तुझ्या मोटारसायकलचं कुलूप आण."

"ते कशाला?"

"शेजारच्या पॅनेलचा मेन पाड अन् त्यावर लाव. किल्ली तुझ्या खिशात. मी बाहेर येस्तोवर उघडलंस तर तुझ्यावर केस ठोकतो."

पुंजारामनं कुरकुरत कुलूप आणलं, तिकडचा मेन पाडून त्यावर लावलं. भिवानं ते दोनदा ओढून पाहिलं, स्वतःचंही पाहिलं. पुन्हा टेस्ट लॅम्प भिंतीवर, पुन्हा फ्यूजवर. या वेळी अंधार. तरी त्यानं पुंजारामला तिथंच उभं केलं, मान वर न करता म्हणाला, "आरती म्हण. मोठ्यानं. तू कुठं हेस ते मला ऐकू येऊ दे," अन् जळालेलं कार्ड कडांना धरून बाहेर ओढलं.