हडळीची पाठवणी

खाडीपलीकडच्या पार्कातली भुताची गुहा रविवारी कायमची बंद होणार होती, आणि मी तिकिटं सोमवारची काढली. शेवटच्या दिवशी फार गर्दी असेल, वयस्कर माणसाला त्रास नको, असा त्यामागे विचार होता. विचार अगदीच चुकला असं म्हणता येणार नाही. सोमवारी गर्दी अजिबात नव्हती.

वयस्कर माणूस म्हणजे माझे मामेसासरे, बायकोचे सख्खे मामा. भुतांशी इतका शेजारधर्म पाळणारा गृहस्थ सबंध मुलुंडमध्ये, आणि माझ्या मते बाकीच्या उपनगरांतही, दुसरा सापडायचा नाही. त्यांची सगळी हयात भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात गेली. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा आणी, फुटकी फरशी आणी, एकाने तर बरणीतून लिंबाचं लोणचं आणलं होतं, आणि मामा हुबेहूब तसा रंग जुळवून देत. निवृत्त झाल्यावर डबे सुटले, पण सवय सुटली नाही. नवीन माणूस भेटला की ते त्याचं नाव-गाव नंतर विचारतात, आधी रंग ठरवतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्यांच्या लेखी ‘ओलं सिमेंट’ आहेत. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणजे ‘केशर घातलेलं दूध, पण केशर घालताना हात आखडलेला’. हे ते त्या त्या माणसाच्या तोंडावर सांगतात, आणि वर ‘वाईट नाही, टिकाऊ आहे’ असा दिलासाही देतात.

माझा रंग त्यांनी त्या गुहेच्या दारातच ठरवला. आमच्या सासरी लग्न जुळवताना पत्रिका बघतात, पगार बघतात आणि मग मामा मुलाला बोटीत घालून खाडीपलीकडे नेतात. मुलाला गुहेतून एक चक्कर मारून आणायची आणि तो बाहेर उन्हात आला की त्याचा चेहरा बघायचा. ‘आत काळोखात कोण कसा वागला ते दिसत नाही,’ ते म्हणतात. ‘बाहेर आल्यावर लपत नाही.’ मी राईडच्या डब्यातून उतरलो तेव्हा त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं, डोळे बारीक केले आणि मागे उभ्या असलेल्या मामींना सांगितलं, ‘कालचा भात.’

मामींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘चालेल,’ त्या म्हणाल्या. ‘फोडणीला टाकता येतो.’

माझं लग्न अशा रीतीने जुळलं.

गुहा म्हणजे फार काही नव्हती. दोघादोघांना बसायचे पत्र्याचे डबे रुळांवरून घरघरत आत जायचे, पहिल्या वळणावर विहिरीतून एक सांगाडा उठायचा, पुढे पेटीतून एक दातवाला गृहस्थ, मग पट्ट्या गुंडाळलेला एक, छतावरून तोंडावर लोंबणारे दोरे आणि शेवटच्या वळणावर, हिरव्या दिव्याखाली, केस सोडलेली एक बाई. हल्लीची मुलं आत मोबाईल बघत बसायची. मामांना मात्र ही सगळी मंडळी परदेशी पद्धतीची आहेत याचं सुरुवातीला वाईट वाटलं, आणि मग त्यांनी एकेकाला आपल्यात घेतलं. मामा मूळचे कणकवलीकडचे, त्यामुळे भुतांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. विहिरीतला तो गिऱ्हा, कारण पाण्यात दुसरं कोण असणार. काळ्या कोटातला दातवाला म्हणजे झोटिंग. ‘वकिली करतो, म्हणून कोट,’ असं त्यांनी मला समजावलं होतं. पट्ट्यावाला हा देवचार. गावाची राखण करताना मार खाल्लेला, म्हणून बांधून ठेवलाय. डबा जवळ गेला की लोक किंचाळायचे आणि मामा किंचित पुढे वाकून विचारायचे, ‘बरो आसंस मां?’ एका वर्षी सांगाड्याला नवा पांढरा रंग दिलेला दिसला तर बाहेर येऊन त्यांनी तिथल्या माणसाला धरलं. मेलेला माणूस इतका पांढरा नसतो, थोडा पिवळा घाला, म्हणाले. त्या माणसाने मान डोलावली आणि काहीच केलं नाही. पुढच्या वर्षी मामा पिशवीत डबी आणि ब्रश घेऊन गेले. विहिरीपाशी डबा किती वेळ हळू होतो याचा त्यांचा अंदाज होता, त्यामुळे जाता जाता त्यांना सांगाड्याचा डावा हात कोपरापर्यंत रंगवता आला. त्याचा तेवढा हात शेवटपर्यंत पिवळट राहिला.

राहता राहिली शेवटच्या वळणावरची बाई. ती हडळ, यात मामांनाही काही बदल करायला जागा नव्हती. पण तिच्या अंगावर नुसती फाटकी चादर होती, आणि हे मामींना बघवलं नाही. ‘बाईमाणसाला असं उभं करतात का कुणी,’ असं त्या परतीच्या बोटीत सारख्या म्हणत राहिल्या. पुढच्या फेरीला त्यांनी घरून साडी नेली आणि राईडवाल्याच्या हातात दिली. त्याने ती हडळीच्या अंगाभोवती गुंडाळायला सुरुवात केली तशी मामींनी त्याला बाजूला केलं, आतले दिवे लावायला सांगितले, बाहेरची रांग थांबवली आणि निऱ्या काढून, पदर खोचून हडळीला साडी नेसवली. आमच्या लग्नात बायकोलासुद्धा त्यांनी इतकी चापूनचोपून नेसवली नव्हती, असं बायकोच म्हणते.

ही साडी मामांनी आणलेली होती. आयुष्यात एकदाच, कुणाला न विचारता, रंग जुळवण्याचा सगळा अनुभव पणाला लावून त्यांनी बायकोसाठी स्वतः साडी पसंत केली होती. त्यांच्या मते तो रंग आंब्याच्या कोवळ्या पालवीचा होता. मामींनी घडी उघडली आणि म्हणाल्या, ‘हा गंजक्या डब्याचा रंग आहे.’ त्यानंतर दोघांमध्ये या विषयावर वर्षानुवर्षं वाद चालला. मामी ती साडी एकदाही नेसल्या नाहीत. हडळीला नेसवून आल्यावर मात्र ‘तिला शोभते हो’ म्हणाल्या. मामांना यात अपमान वाटला नाही. आपल्या पसंतीची साडी कुणीतरी नेसलं, हेच त्यांना पुष्कळ होतं. दरवर्षी मामींच्या वाढदिवसाला दोघं गुहेत जाऊन यायचे. दरवर्षी मामी म्हणायच्या, ‘ह्या खेपेला जरा लांब कुठेतरी जाऊ या,’ आणि मामा म्हणायचे, ‘बोटीने जातो की.’

मामी गेल्या. त्यानंतरही मामा वाढदिवसाला जात राहिले, डब्यात शेजारची जागा मोकळी ठेवून. राईडवाल्याने एकदा त्यांच्या शेजारी एका कॉलेजच्या मुलाला बसवलं, तर मामांनी त्याला ‘हिरवं केळं’ म्हणून उतरवलं.

त्यामुळे गुहा बंद होणार, तिथे पाण्याची घसरगुंडी येणार, हे बायकोने मोबाईलवर वाचून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, ‘तिची ओटी भरून पाठवणी करूया. मामीची साडी नेसून इतकी वर्षं उभी आहे. रिकाम्या हाताने कशी जाणार?’ मी विचारलं, हडळीची ओटी भरलेली चालते का? मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. ‘हडळ म्हणजे सवाशीण गेलेली बाई, जावईबापू. तिची नाही भरायची तर कुणाची भरायची?’ मामीसुद्धा सवाशीणच गेल्या होत्या.

ठरलं ते एवढंच: मामांनी शेवटचं एकदा गुहेत जायचं, हिरव्या दिव्याखाली तिला बघायचं, बायकोने ओटी भरायची आणि यायचं. नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू सगळं बायकोने जमवलं. मला फक्त तिकिटं काढायची होती.

पार्काच्या दारात वॉचमनने पिशवी उघडली. ‘बाहेरचं खाणं अलाउड नाही, काका.’

‘खाणं नव्हे,’ मामा म्हणाले. ‘ओटी आहे.’

‘कुणाची?’

‘तुमच्या इथल्याच बाईची.’

त्याने नारळ आणि तांदूळ टेबलाखाली ठेवून घेतले आणि खण परत दिला. आता गुहेकडे जायला वळलो, तर समोर पत्रे उभे केलेले आणि पत्र्यांवर बोर्ड, की ही राईड काल कायमची बंद झाली आहे. तो बोर्ड आम्ही तिघांनी वाचला. मी तो दोनदा वाचला, कारण वर बघायचा धीर होईना.

‘अरे, तू तारीख बघितली नव्हतीस?’ बायकोने विचारलं.

‘गर्दी नको म्हणून—’

‘गर्दी.’ ती एवढंच म्हणाली.

मामा भाचीकडे वळून म्हणाले, ‘गो बाय, तुझ्या घोवान लग्नाची तारीख तरी बरोबर सांगितल्यान होती मां?’ आणि पत्र्याच्या फटीतून आत बघायला लागले. आत काळोख होता. त्यांनी फटीला दुसरा डोळा लावला, मग पुन्हा पहिला. इतका वेळ मला त्यांच्या टोमण्यांची भीती वाटत होती, पण ते टोमणे मारायचे थांबले तेव्हा खरी भीती वाटली. मला वाटतं तेवढ्यात मी पत्रा सरकवायचा प्रयत्न केला असावा, कारण आतून टी-शर्ट घातलेला एक सुपरवायझर धावत आला.

बायकोने त्याला सगळं सांगितलं. साडी, मामी, ओटी, आणि नवऱ्याची अक्कल. शेवटचा भाग सांगायची गरज नव्हती, पण त्याला बहुतेक त्यामुळेच दया आली. ‘आत काही नाही आता,’ तो म्हणाला. ‘सगळे मागे काढून ठेवलेत. या.’

मागच्या मोकळ्या जागेत, भर उन्हात, सगळे गवतावर ओळीने मांडले होते. गिऱ्हा, त्याचा एक हात पिवळट. झोटिंगचा कोट पाठीमागून कापलेला होता, आत नुसता लाकडी खांब. देवचार पडल्यासारखा आडवा. उन्हात त्यांना कुणी घाबरलं नसतं. उलट गावाला जायची गाडी चुकलेल्या बिऱ्हाडासारखे ते दिसत होते. आणि टोकाला, पत्र्याच्या खुर्चीला टेकवून उभी केलेली हडळ, साडी नीट नेसलेली.

मामा तिच्यासमोर उभे राहिले. हिरव्या दिव्याखाली त्या साडीचा रंग आम्हाला कधी कळलाच नव्हता. आत ऊन नाही, त्यामुळे ती विटली नव्हती. दुकानातून आणली तेव्हा होती तशीच होती. मामांनी चष्मा काढला, पुसला, लावला. पदराचं टोक दोन बोटांत धरून उन्हाकडे केलं, मग सावलीत नेलं, मग पुन्हा उन्हात. कारखान्यात ते असंच बघत असतील.

‘गंजक्या डब्याचाच आहे,’ ते म्हणाले.

बायको मला म्हणाली, ‘नारळ आण.’ पार्कात नारळ मिळत नाही. शहाळं मिळतं. मी ते घेऊन धावत आलो तेव्हा लक्षात आलं की त्याचं तोंड कापलेलं आहे आणि त्यात स्ट्रॉ आहे. तांदळाऐवजी लाह्या चालतील असं मला वाटलं होतं, म्हणून पॉपकॉर्नही आणले होते.

‘खारे?’ बायकोने एक तोंडात टाकून विचारलं. ‘ओटीत मीठ घालतोस?’

‘असू दे गो,’ मामा म्हणाले. ‘तिला अळणी कधी आवडत नव्हतं.’

बायकोने स्ट्रॉ काढून माझ्या हातात दिली. हडळीला हळदकुंकू लावलं, पदर पुढे घेऊन त्यात खण, शहाळं आणि मूठभर पॉपकॉर्न घातले आणि गाठ मारली. शहाळ्यातलं थोडं पाणी साडीवर सांडलं. मामांनी ते रुमालाने टिपलं. सुपरवायझरने टोपी काढली होती. त्यालाही काय करावं ते कळत नसावं. तो म्हणाला, ‘काका, साडी हवी तर घेऊन जा. एका जत्रेवाल्याने सगळं उचललंय, तो काय साड्या मोजणार नाही.’

मामांनी मान हलवली. ‘नेसवलेली साडी काढून घेत नाहीत.’ मग विचारलं, ‘कुठे नेणार?’

‘फिरवतील. जिथे जत्रा असेल तिथे. कोकणात, घाटावर, कुठेही.’

मामांनी निऱ्या जरा सारख्या केल्या. ‘बरं आहे,’ ते म्हणाले. ‘तिला लांब जायचंच होतं.’

परतीच्या बोटीत मामा कठड्याला हात टेकून पाण्याकडे बघत बसले होते. बायको लांब, पुढच्या बाकावर डोळे मिटून बसलेली. दिवसभरात मी काहीच धड केलं नव्हतं, तेव्हा निदान दोन बरे शब्द बोलावेत असं मला वाटलं. मी त्यांच्याजवळ सरकलो आणि हळू आवाजात म्हणालो, ‘मामा, वाईट वाटून घेऊ नका. मामी आता गावोगाव फिरतील.’

मामांनी पाण्यावरची नजर काढली नाही.

‘ती साडी आहे, जावईबापू,’ ते म्हणाले. ‘मामी वारली. तुम्ही खांदा दिला होतात, मागून डाव्या बाजूला. तुमच्या पायात पाय येत होते, म्हणून नाक्यापर्यंत ती वाकडीच गेली.’