दुसऱ्यांदा काढलेली पानं

बुलढाण्यातल्या एका सरकारी बंगल्यावर तो माळी होता आणि मी कंत्राटी बाबू. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. घराण्यात पहिला पदवीधर मी, तोही वनस्पतिशास्त्राचा. माळ्याचं नाव कशाला विचारू?

व्हरांड्यात कुंडीतला हातभर पिंपळ होता, बोन्साय केलेला. साहेब बदलत गेले, पण वीस वर्षं तो पिंपळ त्यानंच सांभाळला. दरसाल वैशाखात तो देठ ठेवून सगळी पानं कात्रीनं कापायचा. मग नवी पानं बोटाच्या पेराएवढी यायची. काम झालं की नखानं साल जराशी खरवडायचा आणि आत हिरवं दिसलं की मान डोलवायचा.

त्या आषाढात नव्या साहेबांकडे पाहुणे येणार होते. पानं अजून बारीक हवीत, पुन्हा काढायला सांग, असं साहेब म्हणाले. मी निरोप दिला.

"सालातून एकच डाव काढतेत, भाऊ," तो म्हणाला. "आता त्याच्यात ताकद नाही राह्यली. तुम्ही सांगा ना साहेबाले."

त्याचं खरं होतं, मी ते शिकलो होतो. पण माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं.

"साहेबापेक्षा तुले जास्त समजते काय बे?" मी म्हणालो.

त्यानं पानं काढली. पाहुणे आले तेव्हा फांद्या उघड्याच होत्या. पुढं पिंपळ वाळला. साहेबांनी माळ्याला काढलं आणि माझी मुदत वाढवली.

जाताना त्यानं सवयीनं साल खरवडली. नखाला कोरडा भुसा लागला. तो मला दाखवत म्हणाला, "साहेबाले नव्हतं समजत. तुम्ही त शिकेल होते ना, भाऊ?"